पत्रादेवीच्या सीमेवर राज्यघटना कशी वाचावी

माझं माहेर बांदा, सासर पेडणे. मधे पत्रादेवीची सीमा. १९९८ साली लग्न होऊन मी गोव्यात आले आणि पेडणे तालुक्यातल्याच एका हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवू लागले. दोन्ही घरांत सोलकढी तीच, गणपतीतल्या आरत्या त्याच, बोलीतही उन्नीस-बीसचा फरक. पण पत्रादेवी ओलांडली की पेट्रोलचा भाव बदलतो, सातबाऱ्याच्या जागी 'एक-चौदा'चा उतारा येतो, आणि नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा वाटा किती, हेसुद्धा बदलतं.

मुलं विचारतात, "टीचर, देश एकच ना? मग एवढं वेगळं कसं?"

पाठ्यपुस्तकातली संघराज्याची व्याख्या मुलं तोंडपाठ म्हणतात, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्यातून येत नाही. म्हणून मी वेगळी रीत धरली. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, शिक्षकांना आणि नोकरी किंवा लग्नामुळे दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे. त्यासाठी संविधानाची मराठी प्रत, एक वही आणि सीमेपलीकडे राहणारं एखादं ओळखीचं माणूस एवढं पुरतं.

सुरुवात हातातल्या वस्तूपासून करा

'केंद्र-राज्य संबंध' हा विषय घेऊन बसू नका. एक वस्तू निवडा आणि ती सीमेच्या अलीकडे-पलीकडे नेऊन बघा. माझी वस्तू ठरलेली आहे, काजूचं बोंड.

बांद्याला माझ्या भावाची काजूची बाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी झाडाखाली पडलेली बोंडं गोळा करायची, पीळ देऊन बी काढून घ्यायची. बी विकली जाते. बोंडाचं काय? वर्षानुवर्षं ती झाडाखालीच कुजत पडायची, आंबूस वास साऱ्या बागेत भरून राहायचा. माझ्या सासरच्या गावात तेच बोंड तुडवून, दाबून रस काढतात. तो आंबवून भाटीवर चढवला की आधी हुर्राक, मग फेणी. त्यासाठी गोव्याचं अबकारी खातं काजूच्या पट्ट्यांचा लिलाव करतं. लोक त्यांना 'झोन' म्हणतात. परवाना घेऊन उघडपणे चालणारा हा धंदा आहे. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता मोसमात भावाकडची बोंडं टेम्पोने गोव्यात येतात. तो म्हणतो, "हय तेका कोण इचारना नाय, थय तेचे पैशे होतत."

झाड एकाच जातीचं, माती एकच, पाऊस एकच. तरी बोंड एकीकडे कचरा आणि दुसरीकडे माल. हा फरक निसर्गाने केलेला नाही, दोन विधानसभांनी केलेला आहे. मुलांना एवढं दिसलं की निम्मा धडा झाला.

मग सातवी अनुसूची उघडा

ती संविधानाच्या शेवटाकडे आहे. तिच्यात तीन सूची आहेत: संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. संविधान लागू झालं तेव्हा त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. पुढे दुरुस्त्यांनी काही इकडच्या तिकडे गेल्या. सगळ्यात मोठी हलवाहलव १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने केली. शिक्षण आणि वनं राज्यसूचीतून निघून समवर्ती सूचीत गेली.

आपली वस्तू कोणत्या नोंदीत बसते ते शोधायचं. बोंडापासून दारू होते, आणि दारूचा विषय राज्यसूचीच्या नोंद ८ मध्ये आहे. म्हणजे दारू गाळणं, बाळगणं, विकणं यावर कायदा करायचा अधिकार राज्याचा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा चालत आला, गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा. दोन्ही राज्यं आपापल्या अधिकारातच वागत आहेत. कोणी कोणाचा नियम मोडलेला नाही.

इथं एक खुबी सांगते, ती मला स्वतःला उशिरा कळली. राज्यसूचीत १ ते ४४ या नोंदी विषयांच्या आहेत आणि ४५ ते ६३ करांच्या. विषय आणि कर वेगवेगळे शोधायचे. दारूचा विषय नोंद ८, तिच्यावरचं उत्पादन शुल्क नोंद ५१. जुगाराचा विषय ३४, त्यावरचा कर जीएसटीच्या घटनादुरुस्तीपर्यंत ६२ मध्ये होता. पेट्रोलवरचा विक्रीकर ५४. दोन्ही क्रमांक वहीत शेजारी शेजारी लिहा. राज्याला एखाद्या गोष्टीत एवढा रस का, हे पुष्कळदा दुसऱ्या क्रमांकावरून समजतं.

तारीख शोधा

अधिकार कोणाचा हे कळल्यावर तो वापरला कधी, हे विचारा. कायद्यावर तारीख असते, आणि तारखेच्या आगेमागे निवडणूक, आंदोलन किंवा नवं राज्य असतं.

१९४९ चा दारूबंदी कायदा मुंबई राज्याचा. १ मे १९६० ला त्या राज्याची दोन राज्यं झाली आणि तोच कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने दारूबंदी टिकवली. महाराष्ट्राने परवाने देत देत ती सैल केली. कायद्याचं मूळ एक, पण पुढच्या सरकारांनी आणि मतदारांनी त्याला दोन वळणं दिली. खुद्द महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली हे जिल्हे कोरडे आहेत.

कॅसिनोचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंसाठी कायदा केला, पण तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. गोव्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून कॅसिनोंना वाट दिली. आज मांडवीत त्यांच्या बोटी उभ्या आहेत. मला त्या आवडत नाहीत. पण तक्रार करायची तर ती पणजीत करावी लागते, दिल्लीत नाही, हे मात्र मी वर्गात ठासून सांगते.

पेट्रोलची तारीख २०१२. त्या वर्षी मार्चमध्ये गोव्यात निवडणूक झाली, मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि दिलेल्या वचनाप्रमाणे त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट, म्हणजे विक्रीकर, ०.१ टक्क्यावर आणला. लिटरमागे ११ रुपयांच्या आसपास फरक पडला. बांद्यापासून सावंतवाडीपर्यंतची माणसं टाकी भरायला पत्रादेवी ओलांडू लागली. त्याच वर्षी गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, सरकारची मोठी मिळकत गेली, आणि पुढच्या काही वर्षांत तो व्हॅट पायरीपायरीने परत चढला. कर सोडायचं स्वातंत्र्य राज्याला आहे, तसा रिकाम्या तिजोरीचा भारही त्यालाच वाहावा लागतो. मुलांना या दोन्ही गोष्टी सांगा. नुसती स्वस्ताई सांगितली तर धडा अर्धवट राहतो.

बिलं गोळा करा

हा भाग मुलांचा आवडता. प्रत्येकाने एक महाराष्ट्रातलं आणि एक गोव्यातलं बिल आणायचं. साबण, पंखा, चपला, काहीही चालेल. कराचा दर दोन्हीकडे सारखा निघतो, कारण १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. बिलावर कराचे दोन सारखे भाग असतात, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. राज्याचा भाग ज्या राज्यात वस्तू खपते त्याला मिळतो.

आता पेट्रोलची पावती त्यांच्या शेजारी ठेवायला सांगा. पेट्रोल, डिझेल आणि पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहेत. मुद्रांक शुल्क आणि वाहन कर यांच्याबरोबर राज्यांच्या हातात उरलेल्या मोठ्या करांत हेच येतात. 'पेट्रोल जीएसटीत का आणत नाहीत?' हा प्रश्न पुढच्या वेळी कानावर पडला की ही पावती आठवा. दर स्वतः ठरवायची मोकळीक राज्यं सहजी सोडत नाहीत, मग तिथलं सरकार कोणत्याही पक्षाचं असो.

जीएसटी परिषदेतली मतांची मांडणीही जरूर सांगा. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. राज्याराज्यांत मात्र मत सारखं. लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार आणि गोव्याचे २, पण त्या परिषदेत गोव्याचं मत महाराष्ट्राच्या मताइतकंच भरतं. हे कळतं तेव्हा आमच्या वर्गातली मुलं ताठ बसतात.

समवर्ती सूचीत घाई करू नका

या सूचीतल्या विषयांवर संसद आणि विधानसभा दोघींनाही कायदा करता येतो. दोन्ही कायद्यांत विरोध आला तर साधारणपणे संसदेचा टिकतो (अनुच्छेद २५४). लग्न, वारसा, दत्तक हे सगळं नोंद ५ मध्ये आहे. पुस्तकात ही सूची कोरडी वाटते. मी ती आमच्या घरातून शिकले.

आम्ही दोघी बहिणी आणि एक भाऊ. थोरलीचं लग्न १९९१ साली झालं, माझं १९९८ साली. २००३ मध्ये वडिलांनी वडिलोपार्जित बागेचं वाटपपत्र करायचं काढलं. वकिलांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "धाकटीला हक्क आहे, थोरलीला नाही. तिला काही द्यायचं तर तुमच्या स्वतःच्या हिश्श्यातून द्या." आई रडायला लागली. एकाच आईच्या दोन मुलींत हा भेद आला कुठून?

तो आला होता २२ जून १९९४ या तारखेतून. महाराष्ट्राने त्या दिवसापासून हिंदू वारसा कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. त्या दिवशी मी कुमारी होते, ताई तीन वर्षांची सासुरवाशीण. वडिलांनी वाटप थांबवलं. म्हणाले, "दोघींना सारखं देता येईल तेव्हाच सही करीन."

दोन वर्षांनी, ९ सप्टेंबर २००५ पासून, संसदेची दुरुस्ती साऱ्या देशात लागू झाली आणि तिच्यात लग्नाची अट नव्हती. २००७ साली बागेचे तीन सारखे हिस्से झाले. ताईने सही केली तेव्हा पेन धरलेला तिचा हात थरथरत होता, तो मला अजून दिसतो.

मात्र संसदेला हे एकाएकी सुचलं नव्हतं. आंध्र प्रदेश, तामिळनाडू आणि कर्नाटक यांनी महाराष्ट्रासारखीच पावलं आधी उचलली होती. केरळने तर एकत्र कुटुंबाची ती पद्धतच मोडीत काढली होती. राज्यांनी करून पाहिलं, त्यातले गुण-दोष दिसले, मग देशाने घेतलं. रोजगार हमीचंही तसंच. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ती योजना उभी केली, पगारदारांवर व्यवसाय कर बसवून तिला पैसा पुरवला, १९७७ मध्ये कायदा केला. देशाचा रोजगार हमी कायदा आला २००५ साली. म्हणून वहीत एक रकाना ठेवा: 'हे आधी कोणत्या राज्याने केलं?' माझ्या लेखी या सगळ्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा रकाना हाच.

आता त्याच नोंद ५ ची पलीकडची बाजू. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. तेव्हाचे कायदे संसदेने १९६२ च्या कायद्याने चालू ठेवले, त्यांत १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताही होती. तिच्यातला वारशाचा भाग पुढे गोव्याच्या विधानसभेने स्वतःच्या कायद्यात आणला. आमच्या लग्नासाठी आम्ही निबंधकाकडे दोनदा सह्या केल्या, आधी इरादा नोंदवायला आणि नंतर पक्कं करायला. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर दोघांची मिळकत सामाईक होते, निम्मी निम्मी. पुढे आम्ही पेडण्याची एक जागा विकली. कागदावर नाव नवऱ्याचं एकट्याचं, तरी माझ्या सहीवाचून विक्री होईना. आयकरातही पगार सोडून बाकीचं उत्पन्न, भाडं किंवा व्याज, नवरा-बायकोत अर्धं अर्धं दाखवतात. १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५अ मुद्दाम घातलं होतं.

गोव्यात सून म्हणून येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: निबंधकापुढे सही करण्याआधी ही पद्धत नीट समजून घ्या. बहुतेकींना ती फायद्याचीच आहे, पण कर्जाची बाजूही सामाईक होऊ शकते. तेवढ्यासाठी वकिलाची फी भरली तर ती वाया जात नाही.

लहान फरक पटापट टिपा

महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असे तीन स्तर. गोव्यात मधला स्तरच नाही, कारण २० लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याला तो वगळण्याची मुभा अनुच्छेद २४३ब देतो. महाराष्ट्रात विधान परिषद आहे, गोव्यात नाही. उच्च न्यायालय मात्र दोघांचं एकच, मुंबईचं. त्याचं एक खंडपीठ गोव्यात बसतं. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर नवी नोंदणी आणि तिथला वाहन कर. बदली होऊन येणारे हे विसरतात आणि मग दंड भरतात.

कुंपण कुठं आहे तेही बघा

राज्याला सगळंच करता येत नाही. भारतात कुठंही जायचा, राहायचा, धंदा करायचा हक्क अनुच्छेद १९ देतो. व्यापार मोकळा राहील हे अनुच्छेद ३०१ सांगतो. नदीच्या पाण्यावरून दोन राज्यं भांडली तर लवाद बसतो. म्हादईचा लवाद २०१० साली नेमला गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. त्यात कर्नाटक आणि गोव्याबरोबर महाराष्ट्रालाही १.३३ टीएमसी (अब्ज घनफूट) वाटा आहे. भांडण्याऐवजी करारही होतो, त्यासाठी तिळारी धरण पाहा. ते महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलं.

काही कुंपणं राज्यं स्वतः घालतात आणि ती टोचतात. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय. बांद्याहून मोठ्या आजारासाठी गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ, कोल्हापूर घाटापलीकडे. २०१८ च्या जानेवारीपासून गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याच्या करदात्याचं म्हणणं मला कळतं, कारण मीही तिथंच कर भरते. पण रुग्णवाहिकेत माझ्याच माहेरची माणसं असतात. अशा जागी दोन राज्यांनी तिळारीसारखं बसून ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. पाण्याला जमलं ते औषधाला का जमू नये?

हे राज्य वेगळं का, हा प्रश्न शेवटी विचारा

आधी विचारलात तर उत्तर नुसतं भावनेचं येतं. वही भरल्यावर विचारलात की मुलं जपून बोलतात.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, वेगळेपणाचं दोन पानं. दयानंद बांदोडकर विलीनीकरणाच्या बाजूचे, पण कौल मोकळेपणी व्हावा म्हणून त्यांनी आधी मुख्यमंत्रिपद सोडलं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली. ३० मे १९८७ ला गोवा पूर्ण राज्य झालं.

माझ्या सासऱ्यांनी फुलावर शिक्का मारला होता, आणि ते शेवटपर्यंत तसं सांगत. मी त्यांना एकदा विचारलं, आता पुन्हा विचारलं तर? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पणजी दोन तासांवर आहे गो. मंत्रालय एका रात्रीवर." पुढं काही बोलले नाहीत.

मी वर्गात दोन्ही बाजू मांडते. विलीनीकरण झालं असतं तर वर लिहिलेल्या गोष्टींपैकी कोणत्या तशाच राहिल्या असत्या आणि कोणत्या बदलल्या असत्या, ते मुलांनी वहीतल्या नोंद क्रमांकांवरून सांगायचं. साबणावरचा कर? तोच राहिला असता. झोनचा लिलाव? जीएसटी परिषदेतलं मत? मुलं वही उलटत, वाद घालत उत्तरं काढतात.

तुमची सीमा दुसरी असेल. चंदगडकरांना बेळगाव आहे, किनवटकरांना आदिलाबाद, तलासरीकरांना गुजरात. वस्तू तुमची तुम्ही निवडा. तिकडे तेंदूपान असेल, ऊस असेल, एखाद्याच्या आजीची पेन्शन असेल. वहीचं पान उभं पाच भागांत आखा: वस्तू, विषयाची नोंद, कराची नोंद, तारीख, आणि आधी कोणत्या राज्याने केलं. पहिल्या पानावर दहा ओळी भरल्या की मग पाठ्यपुस्तकातली व्याख्या वाचायला घ्या.